बारानंतर बावीस

...आणि वर मलाच म्हणतात, उठू नका! अहो, का उठू नका? डोक्याला लागलंय माझ्या, पायाला नाही!

तुम्हाला सांगतो, नव्व्याण्णवची दिवाळी. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून ऑफिसात सगळे धास्तावलेले, आणि बंद पडलं कोण, तर मी! नोएडातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये आकाशकंदील लावणारे आम्ही एकटेच, म्हणजे तो उंचावरच दिसायला हवा की नको? चढलो स्टुलावर. एक पाय लंगडा... स्टुलाचा हो! आमची कुमुदिनी खालून ओरडतेय, "अहो, ते स्टूल नको!" पण बायकोचं ऐकलं तर ती दिवाळी कसली? आलो खाली, थेट डोक्यावर. नऊ दिवस शुद्ध नाही. कंदील मात्र जसाच्या तसा!

घरी आलो तर डावा पाय म्हणतो, मी आपला नंतर येतो. डॉक्टर म्हणाले, "चलिए, सुधाकरजी, रोज चलिए. जितना चलेंगे, उतना दिमाग खुलेगा." आता हे डॉक्टरांनी सांगितलं, पण शेजारच्या भाटियांना कोण सांगणार? मी जिन्यात दिसलो रे दिसलो की, "अरे भाईसाहब! आप लेटे रहिए ना! बादाम भिजवाऊँ?" लेटे रहिए? डोक्याला लागलंय, पायाला नाही! आणि कुमुदिनी? मी दहा पावलं टाकली की मागे खुर्ची घेऊन हजर. खिशात चिठ्ठी... नाव, पत्ता, फोन नंबर. मी माणूस आहे की गावाला निघालेली ट्रंक?

हसू नका. मला एकच गोष्ट हवी होती. एकट्याने कोपऱ्यावरच्या बूथवर जायचं, दूध घ्यायचं, परत यायचं. बस्स! रात्री पडल्या पडल्या भीती वाटायची हो, की आता जन्मभर कुणीतरी दंड धरूनच नेणार आपल्याला.

फेब्रुवारीत तपासणी. डॉक्टर दिल्लीचे, मला एकट्याला सोडायचं की नाही ते ठरवणार. एका पायावर उभं केलं, राहिलो. रेघेवरून चालवलं, चाललो. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते तर मला पडायच्या आधीही जमत नव्हते, तरी केले! मग सहज विचारतात, "रहते कहाँ हैं?" म्हटलं, "सेक्टर बारह." "अच्छा, और बारह के बाद?" मी छातीठोकपणे, "बाईस!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुमुदिनीकडे बघितलं. कुमुदिनीने पदर डोळ्याला लावला. मी म्हणतोय, "अहो डॉक्टरसाब, बारा संपला, रस्ता ओलांडला की समोर बावीसच!" ते मऊ आवाजात, "कोई बात नहीं, एक महीना और आराम..." म्हणजे नोएडाचा नकाशा काढणाऱ्याला आकडे येत नाहीत, आणि आराम मी करायचा? शेवटी कोपऱ्यातल्या नर्सबाई धावून आल्या, "सर, ये बिल्कुल ठीक कह रहे हैं, मैं बाईस में ही रहती हूँ!" देव भलं करो त्या बाईचं. मिळाली परवानगी!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एकटा! दंड मोकळा, मागे खुर्ची नाही, डावा पाय थोडा रुसलेला, पण येतोय बापडा. बूथ गाठलं, दूध घेतलं, आणि खरं सांगतो, तिथेच डोळे भरून आले. मग हुरूप आला म्हणून बावीसला एक चक्कर मारून घरी. तर घराला कुलूप! भाटिया शेजारच्या दारातून, "भाईसाहब, भाभीजी तो आपके पीछे-पीछे निकली थीं! शॉल में मुँह छुपाके!"

पुन्हा उतरलो जिना. दुधाची पिशवी हातात, शोधतोय बायकोला. बारा पालथा घातला, बावीस पालथा घातला, आणि सापडली कुठे, तर छप्पनमध्ये! चोरून माझ्या पाळतीवर होती, वाटेत ताजे मटार दिसले, घासाघीस करायला थांबली, मी दिसेनासा झालो, आणि ही मला शोधत निघाली. बारानंतर तेराच लागणार या हिशोबाने एका रिक्षावाल्याला विचारतेय, "भैया, ये तेरह नंबर किधर गया?" पायापाशी पाच किलो मटार. मला बघितलं आणि रडायलाच लागली, "सापडलात बाई एकदाचे! कुठे हरवला होतात हो?"

मी? मी हरवलो होतो?

मटार मी उचलले. तिने माझा दंड धरला, तोही घट्ट, आणि म्हटलं धरू दे, आज आधाराची गरज तिला आहे. खिशातली चिठ्ठी काढून तिच्या पर्समध्ये ठेवली, तर तिने आपणहून पर्सची चेन लावून घेतली हो.

तेव्हापासून रोज सकाळी दोघं जातो. एकट्याने फिरायची हौस होती ना मला? राहिली. काय करणार... डॉक्टरांनी एकट्याला सोडायला सांगितलंय ते मला, तिला नाही!