अक्कांनी कुत्र्यासाठी गुरू पाहिला

मंडळी, जरा सरसावून बसा! खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा — टेकलं की डोळा लागतो, मला ठाऊक आहे. एक प्रश्न विचारतो. भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो. बघतो ना? मग गुरू करताना काय मोडून बघता? काही नाही! फलक मोठा दिसला, की घातला दंडवत! तर गुरू पारखायचा कसा? ऐका. गोष्ट कुत्र्याची आहे. हसू नका! दत्तगुरूंच्या पायाशी चार-चार कुत्री बसतात, ती काय उगाच?

कुरुंदवाडच्या बाजूला अनसूयाक्का खोत म्हणून एक बाई. अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या, घर दत्तभक्तांचं. यजमान गेले, त्याच वर्षी एका गुरुवारी दारात पिल्लू येऊन बसलं. अक्का म्हणाल्या, "देवानंच पाठवलंय!" आणि नाव काय ठेवलं? महाराज! आता मला सांगा, मी तिथनं जाताना आतून आवाज येतो, "महाराज, चपला चावू नका!" कीर्तनकार म्हणून मलाही सगळे महाराजच म्हणतात — मी काय करायचं?

देवाचा म्हणून त्याला कुणी रागवायचं नाही. आणि घरात यजमानांनी घालून दिलेला नेम — ताटावर बसलं, की पहिला घास दारातल्या कुत्र्याला. आता दारातलं कुत्रं घरातच! अक्का देणार, मुलगा विलास देणार, आपापल्या ताटातनं, हातानं. महाराज वासराएवढा झाला!

आणि झाला की घोटाळा! विलासची बायको बाळंतपणाला माहेरी. व्याही तातोबा पेढे घेऊन आले — मुलगा झाला! अक्कांनी शिऱ्याची बशी दिली. तातोबांना नेम काय माहीत? पहिला घास घातला स्वतःच्या तोंडात. महाराजांनी घेतली झेप! बशी तिकडं, शिरा मिशीत, सदऱ्याची बाही कुत्र्याच्या दातांत! तातोबा गरजले, "हे कुत्रं इथं आहे तोवर माझी लेक बाळ घेऊन या घरात यायची नाही!"

विलास म्हणाला, "आई, महिनाभर बघू. नाही सुधारला, तर लांब मळ्यावर सोडून येतो." अक्का पेचात पडल्या. नातू मांडीवर घ्यायचा, तर महाराजाला सोडायचं? चार वर्षं त्या घरात दुपारी बोलायला कोण होतं? तोच!

विलासनं शिकवणारा आणला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात शिट्टी, मोबाइलमध्ये पन्नास व्हिडिओ. "दहा दिवसांत सुतासारखा सरळ करतो! अट एकच — घरच्यांनी आत जायचं, दार लावायचं, विचारायचं काही नाही."

अक्कांनी दार लावलं. चौथ्या दिवशी महाराज गप्प! विलास खूश, शेजारी खूश. पण अक्का बघत होत्या. गॉगलवाल्याची गाडी वाजली, की हा एवढा गडी पलंगाखाली! तिथंच मुतायचा. दूधभाकरीला तोंड लावायचा नाही. अक्कांनी मानेवरनं हात फिरवला, तर पट्ट्याखाली वळ! बाई तिथंच बसून रडल्या हो. मग उठल्या, डोळे पुसले, दार उघडून म्हणाल्या, "तुम्ही या आता."

"अहो आजी, गप्प बसतोय ना?"

"भ्यालाय तो! शिकलाय कुठं?"

मग अक्का स्वतः निघाल्या. जयसिंगपुरात चंद्राताई मुळीक कुत्र्यांना शिकवायच्या. अक्का न कळवता गेल्या. फलक बघितला नाही, व्हिडिओ बघितला नाही. ओट्यावर बसल्या आणि शेपट्या बघितल्या! चंद्राताई अंगणात आल्या, तशी पाच कुत्री शेपट्या हलवत धावली.

अक्कांनी विचारलं, "शिकवताना मी बसले तर चालेल?"

"तुम्ही नसाल, तर मी येणारच नाही!"

"किती दिवसांत सुधारेल?"

"आधी घर बघू दे की! तुम्ही जेवायला कधी बसता? तेव्हा येते."

आल्या. कोपऱ्यात बसल्या, कुत्र्याला हातसुद्धा लावला नाही. ताटं वाढली. अक्कांनी घास पुढं केला, "महाराज, घ्या!" विलासनं केला, "महाराज, घ्या!" चंद्राताईंना हसू आवरेना. "अक्का, हा बिघडलेला नाही हो! ताटातला पहिला घास आपला, हे तुम्हीच शिकवलंत. पाहुण्यानं दिला नाही, म्हणून यानं मागून घेतला!"

अक्कांचा चेहरा पडला. "म्हणजे नेम मोडू? ह्यांनी शेवटपर्यंत पाळला हो!"

"मोडू नका. घास त्याच्या वाडग्यात घाला, आणि तो शांत बसल्यावरच. पण सगळ्यांनी! एकानं जरी हातानं भरवलं, तरी माझी मेहनत पाण्यात."

मंडळी, कुत्रं चार दिवसांत शिकलं. अक्कांना लागले पंधरा! हात आपोआप ताटाकडं जायचा. चंद्राताई म्हणायच्या, "अक्का!" — की हात मागं.

महिना भरला. तातोबा आले, या खेपेला बिनबाह्यांची बंडी घालून! शिऱ्याची बशी आली. महाराज वाडग्याजवळ बसलेला, शेपूट आपटतोय, पण जागचा हलत नाही. तातोबांना भरून आलं. "शहाणं रे लेकरू!" म्हणत उठले आणि घास हातानं भरवायला निघाले. अक्का कडाडल्या, "बसा!" — आणि तातोबा मटकन खाली बसले!

पुढच्या गुरुवारी सून आली. तातोबांनी स्वतःच्या हातानं बाळ अक्कांच्या मांडीवर ठेवलं. महाराज हुंगून गेला आणि पाळण्याखाली पसरला.

तर मंडळी, दार लावा म्हणतो ना, त्याच्याकडनं उठून या! मग तो पोराच्या क्लासचा असो, नाहीतर इथं उपरणं घालून उभा असलेला मी असो. मलासुद्धा सोडू नका! पण चांगला सापडला, तर स्वतः शिकायची तयारी ठेवा. कीर्तन संपलं की तुम्ही येणार, मला माहीत आहे. "महाराज, पोरगा मोबाइल सोडत नाही, दोन शब्द सांगा." सांगतो की! पण आधी जेवायच्या वेळी घरी येतो. पोराकडं बघणार नाही. तुमच्या ताटाशेजारी काय ठेवलेलं असतं, तेवढं बघतो.

बघा, कशा माना खाली गेल्या! उचला, उचला — आणि होऊ द्या दत्तगुरूंच्या नावाचा गजर!