यांचं हव

—अन् चौकीवर गाडी थांबवली का काच पूर्ण खाली करजो, निवेदिता, अन् विचारल्याशिवाय तोंड उघडू नको. तिकडं आफ्रिकेत, लुसाकात तूच चालवशीन ना गाडी? मंग ऐक. तुहे काका सांगतीन, हात जोडले का तिकडचा शिपाई सोडून देते. त्यायचं काय ऐकतं तू. या माणसाले जन्मात एकच शब्द आला — हव. मराठीत हो आहे, तेही विसरले. रायपूर राजधानी झाली, यांच्या कचेरीत भोपाळहून नवे साहेब आले, त्यायनं तोंड उघडायच्या आधी यांचं हव तयार. चहा घेता का? हव. एकादशी असली तरी हव.

तर तिथंच, आमच्या पोराकडे, वरदकडे गेलो होतो तेव्हा — तो चालवते, आम्ही मागे, रस्त्यावर आडवा बांबू. शिपाई वाकून विचारते, गाडीत बंदूक आहे काय? इंग्रजीत. अन् हे म्हणते, हव. दोनदा. शिपायाले काय ऐकू आलं देव जाणे, पण यांची मुंडी तर वरखाली होऊनच राहिली होती. झालं. सगळे खाली, डिक्की उघडी, माह्या सोळा सोमवारचं पीठ रस्त्यावर, मेतकुटात बोट घालून तो शिंकून राहिला — अन् हे हात वर करून उभे, पायजम्याची नाडी लोंबते. असा माणूस माह्याच नशिबी काहून, म्हटलं.

वरद घाबरला. नोकरी जाईन ना पोट्ट्याची. म्हणे, हे माझे कोणी नाही, वाटेत गाडीत घेतले. तेवढं इंग्रजी मले समजते. ज्याच्यासाठी सोमवार करून राहिली होती, तोच. मंग शिपायानं यांनाच विचारलं — हा मुलगा तुमचा काय?

नो सर, म्हणाले हे. मुंडीसुद्धा हलली नाही.

बंदूक कुठली निघते, सोडलं आम्हाले. काय सांगून राहिली होती मी — काच. हव, काच. तेव्हापासून वरदचा फोन नाही. काका म्हणते, तिकडची लाईनच खराब. हे मेतकूट देजो त्याले, अन् बाबांचं विचारलंच त्यानं, तर—

काय हो, आतून काय विचारता? काही नाही, चौकीचंच सांगून राहिली. ... बाबा रागावले नाही म्हणून? सांगते. हव. हव म्हटलं ना.

ऐकलंस तू. जाय आता, तुही आई फाटकाशी उभी आहे.