उघडलेला डबा

ग्यानोबा : …पुढं ऐका, अप्पा. ‘नव्या लातूर जिल्ह्याचा पहिला करंडक आपल्याच कॉलेजात येणार. फुटबॉल संघ यंदा अजिंक्य. सरावाचे अकराच्या अकरा सामने जिंकले.’ छापून आलंय.

गुरुबसप्पा : बातमी कुणी धाडली?

ग्यानोबा : शिवमूर्ती सरांनी.

गुरुबसप्पा : म्हंजे संघाला शिकवणार तेच, अन् अजिंक्य म्हणणार बी तेच.

ग्यानोबा : मी कॉलेजचा शिपाई. सतरा वर्सं बॉलात हवा भरून राहिलो. असा संघ बघितला न्हाई, देवाशपथ.

गुरुबसप्पा : अकरा मॅचा कुणाकुणासंगं झाल्या?

ग्यानोबा : पहिली कलेक्टर कचेरीसंगं.

गुरुबसप्पा : जिल्हा होऊन वरीस न्हाई झालं. त्यांच्याकडं बसायला खुर्च्या न्हाईत, खेळायला अकरा माणसं कुठून आली?

ग्यानोबा : आठच आली व्हती. त्यातला एक चष्म्याचा.

गुरुबसप्पा : दुसरी?

ग्यानोबा : पाझर तलावाच्या कामावरच्या लोकांसंगं. नऊ गोल घातले.

रत्नम्मा : दिवसभर माती उपसलेल्या माणसांना संध्याकाळी पळवलं व्हय रे?

ग्यानोबा : ती आपल्या खुशीनं आली, अक्का. टँकरचं हंडा हंडा पाणी देतो म्हणलं व्हतं.

गुरुबसप्पा : अन् बाकीच्या नऊ?

ग्यानोबा : तालमीतल्या पैलवानांसंगं.

गुरुबसप्पा : नऊच्या नऊ?

ग्यानोबा : ते बॉल सोडून माणूस धरायचे, अप्पा. तरी जिंकलो. अन् सराव कुठं केलाय ते बगा. कॉलेजच्या मैदानावर टँकर थांबतेत, म्हणून पोरं आटलेल्या तळ्यात खेळली. तिथली भेग न् भेग त्यांना पाठ हाय. समोरच्याचा पाय अडकला की आपला गोल.

गुरुबसप्पा : उद्याची मॅच नांदेडला हाय. भेगा संगं नेणार का?

ग्यानोबा : तुमचं बोलणंच उलटं. बरं, मी आलो पेढ्यासाठी. सकाळी ट्रक निघतो. पाच किलो बांधून द्या. जिंकलो की तिथंच वाटायचे.

गुरुबसप्पा : दूध चहाला पुरंना झालंय. शेव घिऊन जा.

ग्यानोबा : जिंकल्यावर शेव वाटतेत का कुठं?

गुरुबसप्पा : गेल्या साली दिले व्हते की पेढे. काय केलंस त्यांचं?

ग्यानोबा : आता ते कशाला काढता?

रत्नम्मा : सांग की. मला अजून नीट कळलं न्हाई.

ग्यानोबा : काय सांगू, अक्का. मला वाटलं, शेवटाला तरी फिरंल मॅच, म्हणून डबा आधीच उघडून बसलो. तेवढ्यात शिट्टी वाजली. सात गोलांनी हारलो. नांदेडवाले समोर उभे, डब्याकडं बघून राहिले. उघडलेला डबा त्यांच्या तोंडावर झाकायचा कसा? म्हणलं, घ्या.

गुरुबसप्पा : सात गोल त्यांनी घातले अन् पेढे माझे खाल्ले. वर निरोप धाडला, खवा चांगला व्हता म्हणून.

ग्यानोबा : चांगलाच व्हता, अप्पा.

रत्नम्मा : अन् गोलात आमचा बसवंत उभा व्हता, ते इसरलास? वरीस झालं, लेकरू दुकानाच्या पुढच्या दारानं आत येत न्हाई. गिऱ्हाईक मुद्दाम सात पेढे मागतं अन् त्याच्याकडं बघून हसतं.

ग्यानोबा : म्हणून तर म्हणतो. यंदा जिंकला की सगळ्यांची तोंडं बंद.

गुरुबसप्पा : अन् हारला तर? शिवमूर्ती सरांचं काय जाणार? ते पुढल्या साली परत बातमी धाडतील. लोक हसतील ते माझ्या पोराला. मला भ्या वाटतं, ग्यानोबा. मॅचचं न्हाई, तुझ्या हातातल्या त्या पेपरचं.

ग्यानोबा : मग तुम्ही येणार न्हाई उद्या?

गुरुबसप्पा : न्हाई. गंजगोलाईच्या बाजारात चारचौघांपुढं सांगितलंय, परत या संघाची मॅच बघणार न्हाई.

रत्नम्मा : मग पहाटे उठून मागच्या खोलीत खवा कुणासाठी आटवून राहिला व्हता?

गुरुबसप्पा : बारसं हाय एकाचं.

रत्नम्मा : कुणाचं?

गुरुबसप्पा : नांदेडपल्याड भोकरच्या माणसाच्या पोराचं.

रत्नम्मा : भोकरच्या माणसानं बारशाला लातूरचे पेढे सांगितले. अन् त्यासाठी तुम्ही मला चार घरी दूध मागायला फिरवलं. बरं.

ग्यानोबा : अप्पा, म्हंजे तुम्हाला बी वाटतंय जिंकू म्हणून.

गुरुबसप्पा : अजिबात न्हाई. चार गोलांनी हारू.

ग्यानोबा : मग पेढे कशाला केले?

(गुरुबसप्पा आत जातो, डबा आणून ग्यानोबाच्या हातात ठेवतो.)

गुरुबसप्पा : धर. दोन किलोच झालेत. शिट्टी वाजायच्या आधी झाकण काढायचं न्हाई. वाजली की कुणाकडं बघू नको, सरळ गोलापाशी जा. पहिला पेढा बसवंतच्या हातात.

ग्यानोबा : जिंकलो तर ना?

गुरुबसप्पा : निकाल काय बी लागू दे.

ग्यानोबा : अन् उरलेले?

गुरुबसप्पा : वाट ज्याला वाटायचे त्याला. गेल्या साली सगळ्या मैदानानं खाल्ले, ग्यानोबा. माझ्या पोराला कुणी एक दिला न्हाई.