जास्वंदीचा फोटो

अगो, आमच्या घरातली फोटोग्राफी ऐक. हे मुंबईहून डबा-कॅमेरा घेऊन आले. मला हवा होता बाळाचा एक फोटो, पण सासूबाई म्हणाल्या, "वर्षाच्या आत नको गो, दृष्ट लागते!"

मग ह्यांनी धरली अंगणातली जास्वंद. कॅमेरा अगदी फुलाला टेकवलान्.

"अहो, इतक्या जवळून?"

"तुला काय कळतंय त्यातलं? जवळून मोठं येतं."

पेठेतून फोटो धुऊन आला. जास्वंदीच्या जागी नुसता धुरकट गोळा! आणि मागे आमचं बाळ, तोंडात माती कोंबताना, अगदी लख्ख.

सासूबाईंनी घाईघाईने बाळावरून मीठमिरच्या उतरल्या. मी ह्यांना हळूच म्हटलं, "चार मिरच्या जास्वंदीवरूनही उतरा हो. खरी दृष्ट तिला लागल्ये."