अनंतकाकांच्या होळीची तक्रार

मंडळी, काकू, वर्किंग डे असूनही इतके सगळे आलात. मला बोलायचं नव्हतं. दोनदा नाही म्हणालो. पण काकू म्हणाल्या, "निनाद, तू शेजारी, तूच बोल." आता माइक माझ्या हातात आहे, आणि बाहेर जायचं दार तुमच्या मागे.

अनंतकाका गेले हे अजून खरं वाटत नाही. इथं अमेरिकेत, आपल्या मॉरिसव्हिलमध्ये नवीन आलेला मराठी माणूस आधी त्यांच्या बॅकयार्डात होळीला यायचा. पुरणपोळ्या काकूंच्या, लाकडं काकांची. वर्षभर ते लोकांच्या अंगणात पडलेल्या फांद्या गोळा करायचे. म्हणायचे, "लहानपणी चिपळूणला लाकडं चोरायचो रे. इथं विचारून आणावी लागतात, मजाच गेली." फोर्थ ऑफ जुलैला फुलबाज्या घ्यायचे आणि होळीला पोरांच्या हातात द्यायचे. मीही लहानपणी सांगलीत दिवाळीच्या चार फुलबाज्या पत्र्याच्या डब्यात होळीपर्यंत लपवायचो. काकांनी हे ऐकलं तेव्हापासून एक पुडा माझ्यासाठी वेगळा असायचा. पंचेचाळिशीच्या माणसासाठी!

चार वर्षांपूर्वी त्यांच्या होळीची एक ठिणगी फेन्सवरून आमच्याकडे पडली. घराभोवती पाइनची वाळलेली पानं पसरलेली होती, त्यांनी पेट घेतला. मी बुटानं विझवलं. आत माझी मुलगी झोपलेली, दीड महिन्यांची.

काकांना सांगायचं ना सरळ? "काका, होळी जरा लहान करा." एवढंच. ऑफिसात मी बॉसला तोंडावर नाही म्हणतो. पण वडीलधारा माणूस, त्याचा सण, त्याची पोळी खाल्लेली. भीड पडली हो. मी आपल्या वसाहतीच्या, सबडिव्हिजनच्या कमिटीला तक्रारीचा ईमेल केला. माझं नाव सांगू नका, असंही लिहिलं.

हो. तो मी होतो.

होळी बंद करायची कमिटीची नोटीस घेऊन काका पहिल्यांदा माझ्याच किचनमध्ये आले. चहा गार झाला तरी बसून होते. "कोण असेल रे?" मी म्हणालो, "काय माहीत, काका."

पुढच्या वर्षी त्यांनी बार्बेक्यूच्या ग्रिलमध्ये चार काटक्या पेटवल्या. होळीपुढे ज्याच्यावर राग त्याच्या नावानं बोंब मारायची, ही आपली रीत. काका म्हणाले, "नाव ठाऊक नाही, पण त्या तक्रार करणाऱ्याच्या नावानं!" तुम्ही सगळ्यांनी बोंब मारली. मीही मारली, सगळ्यांत मोठ्यानं. काका खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शेजारी असावा तर असा."

तीन होळ्या हेच चाललं. दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगायचं. दर वर्षी आधीचं खोटं आड यायचं. जितका उशीर, तितकं तोंड उघडणं अवघड. मागच्या मंगळवारी ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी माझा हात धरला होता. तेव्हाही नाही सांगितलं.

काकू, तुम्ही मला बोलायला सांगितलंत. दुसरं काही बोललो असतो तर तेही खोटंच झालं असतं. माफ करा, असं म्हणायलाही लाज वाटते.

चला, काकांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. आणि मंडळी, मार्चमध्ये ती ग्रिल पुन्हा पेटवा. मी येईन, गप्प उभा राहीन. तुम्ही बोंब मारा. आता नाव ठाऊक आहे.