सुरकुतलेली कृष्णफळं

खुलताबादच्या बसच्या रांगेत संस्कृतीच्या पुढं एक आजोबा जागा धरून उभे होते. तेवढ्यात आजी शहागंजच्या बाजारातून पिशवी सावरत लगबगीनं आल्या.

"अवं, ऐकलं का, आपल्या कृष्णफळाला गिऱ्हाईक हाये. फळवाला म्हनला, कितीबी आना."

"कुपाटीच्या काट्यांवरच्या येलाचं फळ? ते कोन खातंय?"

"लई लोकं खातेत, पॅशन फ्रूट म्हनतेत त्याला. पिवळं आंबट असतंय, त्याचं सरबत करतेत. आपलं जांभळं, ते गोड. सी जीवनसत्त्व असतंय म्हनं. आन् बिया थुकायच्या नाय, चावून खायच्या. पोट साफ राहतंय."

"मग पिशवी भरलेलीच परत कशी आनली?"

"ही गुळगुळीत हायेत, त्याला नको. साल सुरकुतली की फळ खरं गोड होतंय म्हनला. तसली आना."

"अगं, सुरकुतलेली तर सडली म्हनून रोज शेळ्यायला घालाय लावतो आपन."

"तेच तर. गोडाची चटक लागली, म्हनून शेळ्या कुपाटीपाशी वरडत राहतेत."

"सकाळीच पाटीभर काढून सुनंला सांगून आलोय, घाल म्हनून."

आजोबांनी घाईनं मोबाईल संस्कृतीपुढं धरला.

"लेकी, 'दिपाली' नावाला फोन लाव. आवाज मोठा कर."

"हां मामा, बोला," पलीकडून सून म्हणाली.

"दिपाली, त्या पाटीतली फळं शेळ्यायला घातली का गं?"



"मामा, रागवू नका. शेळ्यायला मी रोज नुसत्या साली घालते. आतलं आमी मायलेकरं खातो."