सात नंबर किती वेळा पडला

बसच्या रांगेत पुढे उभे असलेले काका-पुतण्या कालच्या बास्केटबॉल सामन्यावरून हुज्जत घालत होते. स्टेडियममध्ये कोर्ट पुसणारा माणूस नेमका त्यांच्या मागे उभा होता.

"सलग नववा सामना हरलो, काका. आता कशाला जायचं बघायला?"

"सात नंबरसाठी. तीस गुणांनी मागे, तरी पठ्ठ्या बॉलसाठी खाली झेपावत होता."

"बास्केट किती केल्या? दोन!"

"अरे, पडला किती वेळा ते मोज. नऊ!"

"आठ. एकदा नुसता पाय घसरला."

"नऊ म्हणजे नऊ!"

मागच्याला राहवेना.

"अकरा. दर वेळी त्याचा घाम मीच पुसलाय."

"छे हो! आम्ही नीट मोजलंय."

"शेवटच्या दोन वेळी खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या."